आळंदीच्या वाटेवरची भोसरी

कार्तिकीला आळंदीला गेला असाल, किंवा मोशीला ‘किसान’ प्रदर्शन पाहायला चार शेजाऱ्यांबरोबर जीप करून आला असाल, तर भोसरी तुम्ही पाहिली आहे. पाहिली म्हणजे खिडकीतून पाहिली. पुण्याकडून आलेली गाडी कासारवाडीला नाशिक फाट्यावर वळते, लांडेवाडी मागे पडते, राजमाता जिजाऊंच्या नावाचा लांबच लांब उड्डाणपूल सुरू होतो आणि भोसरी पुलाखाली राहून जाते. वरून जाणाऱ्याला दुकानांच्या पाट्या दिसतात, गाव दिसत नाही. पुढच्या खेपेला पुलाखाली उतरा. घाई नसेल तर अर्धा दिवस काढा.

तुम्ही म्हणाल, कारखान्यांच्या गावात आम्हा शेतकऱ्यांनी काय पाहायचे? सांगतो. तुमच्या गावातले कोणी ना कोणी या पट्ट्यात कामाला आहेच. भोसरीत नसेल तर चाकणला, चाकणला नसेल तर चिखली-तळवड्याला. दिवाळीला तो घरी येतो, आणि जेवताना निवडणुकीचा विषय निघाला की बाप एका अंगाला आणि लेक दुसऱ्या अंगाला. जत्रेत बोकड कापायला तो नको म्हणतो, कुलदैवताला जायला त्याला सवड नसते, उलट घरात कुठल्याशा बैठकीचा नाहीतर महाराजांचा फोटो लागलेला असतो. आई मनात म्हणते, पोरगं बदललं. एक पोरगे बदलले तर आपण शहराला दोष देतो. पण अख्खे गाव आपल्या जागेवरून न हलता बदलले तर त्याला काय म्हणायचे? भोसरी तसे गाव आहे. माणसे कुठे गेली नाहीत, शहरच त्यांच्या दारात आले.

पुलाखाली उतरलात की पीसीएमटी चौक लागेल. पीसीएमटी ही पिंपरी-चिंचवडची बससेवा २००७ साली पुण्याच्या सेवेत विलीन झाली, पण चौकाचे नाव कोणी बदलले नाही. इथे अशी नावे पुष्कळ आहेत. लांडेवाडी, गव्हाणेवस्ती, धावडेवस्ती; वाडी म्हणावी तर चार-चार मजल्यांच्या इमारती, वस्ती म्हणावी तर रस्ता ओलांडायला दहा मिनिटे. लांडे, लांडगे, फुगे, गव्हाणे ही इथली जुनी आडनावे. निवडणुकीच्या फलकांवर नजर टाकलीत तर पक्ष कोणताही असो, आडनावे बहुधा यातलीच असतात.

गावठाणात शिरा. भैरवनाथाचे देऊळ आहे, तालमी आहेत. भोसरीला पैलवानांचे आणि कबड्डीचे गाव म्हणतात ते उगाच नव्हे. जुनी माणसे सांगतात की हे मूळचे भोजापूर, भोज राजाचे गाव. खरे-खोटे इतिहासकारांनी पाहावे. आपल्याला भैरवनाथाच्या पायरीवर बसून एका मतदाराची गोष्ट मनाशी मांडायची आहे. हा मतदार मी कल्पनेने उभा केला आहे, त्याला नाव देत नाही. तो इथला शेतकरी, जन्म १९३० सालचा. जे जे त्याच्या डोळ्यांपुढून गेले असे मी म्हणेन, ते मात्र खरोखरच घडलेले आहे.

भोसरीचा माळ कोरडवाहू. आमच्या या आजोबांना तीन देव पुरत. जत्रेला भैरवनाथ, लग्नकार्याला खंडोबा आणि एकादशीला आळंदीची वाट. आळंदी इथून पायी दोन-अडीच तासांवर. देहूही लांब नाही. भैरवनाथाला नवस बोलायचा, खंडोबाला तळी भरायची आणि ज्ञानोबा-तुकोबांकडे मागायचे काही नाही, नुसते जायचे. तुमच्या घरीही अशीच वाटणी असेल. कोणत्या देवाकडे काय मागायचे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे. ज्या देवाला आपण वाटेल तेव्हा भेटतो त्याच्या दाराशी दुसऱ्याला अडवलेले असते, आणि ते दार उघडायला माणसाला उपाशी बसावे लागते, हे त्या वर्षी महाराष्ट्रातल्या कित्येक माळकऱ्यांनी पहिल्यांदा नीट ऐकले. दार उघडले. पण ज्यांच्यासाठी उघडले त्यांतले पुष्कळ जण तोवर दुसरे दार शोधू लागले होते. त्याकडे मी पुढे येतो, कारण ती वाट भोसरीपासून फार लांब नाही.

१९५२ ची पहिली निवडणूक. मतदाराला एकवीस वर्षे पुरी लागत. अठराचे वय फार पुढे, १९८९ साली आले. त्या पहिल्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असायचे. हातात दिलेला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा, शिक्का-बिक्का काही नाही. काँग्रेसचे चिन्ह बैलजोडी. आता तुम्हीच सांगा, गोठ्यात बैलजोडी, शेतात बैलजोडी आणि पेटीवरही बैलजोडी असताना शेतकऱ्याचा हात दुसरीकडे कशाला जाईल? हे मत विचाराने दिले की सवयीने, असे विचारण्यात अर्थ नाही. गांधीबाबाची पुण्याई, गावातल्या कर्त्या माणसाचा शब्द आणि पेटीवरचे बैल, सारे एकाच बाजूला होते.

पाच वर्षांत ते हलले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात बैलजोडीला जबर फटका बसला. शेजारच्या पुण्यातून लोकसभेवर समितीचे ना. ग. गोरे गेले आणि विधानसभेवर एस. एम. जोशी. ही माणसे समाजवादी, पण लोकांनी मत दिले ते समाजवादाला नव्हे, मुंबईसह महाराष्ट्राला. गावोगाव पोवाडे झाले. पोवाडा ऐकून अंगावर काटा येतो आणि कीर्तन ऐकूनही येतो; दोन्हींत फरक काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. १ मे १९६० ला राज्य झाले आणि १९६२ ला पुष्कळशी मते परत बैलजोडीकडे आली. काम झाले, माणूस घरी आला, इतके ते साधे होते.

आता शेताकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहू लागला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे तुमच्या-आमच्या तोंडची एमआयडीसी, स्थापन झाले आणि भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या शिवारात मोजणीचे दगड पडले. आज तुम्ही टेल्को रस्त्याने गेलात की जे ब्लॉक, एस ब्लॉक अशा पाट्या दिसतात. शेताला नाव असते: कोणाचे पट्टी, कोणाचे विहिरीचे, कोणाचे आंब्याचे. एका दशकात त्या नावांच्या जागी अक्षरे आली. १९७० साली भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी या चार ग्रामपंचायती मोडून नगरपालिका झाली. त्या कामी अण्णासाहेब मगरांचे नाव इथली जुनी माणसे घेतात. नगरपालिकेची उभारणी त्यांच्या हातची. १९७२ साली दुष्काळ पडला आणि त्याच साली नवनगर विकास प्राधिकरण आले. त्याने आणखी जमीन घेतली. १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

जमीन गेली म्हणजे काय काय गेले, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. धरणाखाली गेलेली तुमची पाहुण्यांची जमीन आठवा. फरक एवढाच की इथे गाव उठले नाही. पैसा हातात आला. कोणी लेकीचे लग्न केले, कोणी ट्रक घेतला, कोणी उरलेल्या तुकड्यावर दहा बाय दहाच्या खोल्यांची चाळ काढली. देवळाच्या लाकडी सभामंडपाच्या जागी सिमेंटचा मंडप आणि फरशी आली. पावसाकडे डोळे लावून बसायचे कारण राहिले नाही. आणि जो माणूस पावसाकडे पाहत नाही त्याचे देवाशी बोलणे बदलते. भैरवनाथाला पूर्वी विचारायचे, पाऊस कधी? आता विचारायचे, कोर्टाची तारीख कधी?

मत बदलले ते इथे. देव बदलला म्हणून मत बदलले, किंवा मत बदलले म्हणून देव, असे शहाणी माणसे सांगतात. मला ते पटत नाही. शेत गेल्यावर दोन्ही सैल झाली, मग ज्याला जशी ओढ लागली तशी ती वळली. सोसायटीचा चेअरमन सांगेल तिकडे मत, हे कुठवर? सोसायटीचे कर्ज लागते तोवर. पीकच नाही, तर कर्ज कशाचे? त्यानंतर आजोबांच्या ओट्यावर जे प्रश्न आले ते सातबाऱ्याचे नव्हते. दिघी आणि देहूरोडच्या लष्करी दारूगोळ्याच्या कोठारांभोवती बांधकामाला बंदी, त्याला इथे ‘रेडझोन’ म्हणतात. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के परतावा. विनापरवाना बांधलेल्या घरावरचा शास्तीकर, जो अखेर २०२३ साली राज्य सरकारने माफ केला. गेल्या तीस-चाळीस वर्षांत इथे जो उमेदवार उभा राहिला त्याला यातल्या एखाद्या प्रश्नावर तरी बोलावेच लागले. कोणता पक्ष, हा प्रश्न त्यानंतरचा.

चिन्हांचे म्हणाल तर त्यांनी म्हाताऱ्या माणसांची फार परीक्षा पाहिली. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गेली आणि १९७१ ला इंदिराबाईंची गाय-वासरू आली. १९७७ ला जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी आला. शेजारी बारामती आणि पुणे काँग्रेसच्या हातून गेले, पण खेड मतदारसंघातून काँग्रेसचे अण्णासाहेब मगरच निवडून आले. मग हाताचा पंजा आला, मध्ये चरखा येऊन गेला, १९९९ ला घड्याळ. धनुष्यबाण आणि कमळ तर होतेच. २०२४ ला शिरूर लोकसभेत काय झाले पाहा. २०१९ ला अमोल कोल्हे घड्याळावर आणि शिवाजीराव आढळराव धनुष्यबाणावर लढले होते. पाच वर्षांनी तेच दोघे समोरासमोर, पण घड्याळ आढळरावांकडे आणि कोल्हे तुतारीवर. बैलजोडीपासून मत देत आलेल्या माणसाने यात निष्ठा कोणाशी ठेवायची? चिन्हाशी ठेवली तर माणूस सुटतो, माणसाशी ठेवली तर चिन्ह.

भोसरीने त्याचे आपले एक उत्तर काढलेले दिसते. २००९ च्या लोकसभेला विलास लांडे घड्याळावर शिरूरमधून हरले आणि त्याच वर्षी नव्या झालेल्या भोसरी विधानसभा मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून आले. २०१४ ला महेश लांडगे अपक्षच निवडून आले. २०१९ आणि २०२४ ला तेच लांडगे कमळावर. महापालिकेत २०१२ पर्यंत घड्याळ, २०१७ ला १२८ पैकी ७७ जागा कमळाच्या. बाहेरचा माणूस म्हणेल, केवढी उलथापालथ. गावठाणातला म्हणेल, कसली उलथापालथ? माणसे तीच, वाडी तीच, आडनावे तीच.

तरी एवढे म्हणून हात झटकता येणार नाही. मनाच्या आतही काही बदलले. १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण सुरू झाले तेव्हा भोसरीच्या चाळींतून ज्याच्याकडे संच त्याच्याकडे गर्दी. राम इथे नवा नव्हता, रामनवमी होतीच. पण भैरवनाथ आपल्या गावाचा, खंडोबा आपल्या कुळाचा, तसा हा राम एकट्या गावाचा किंवा कुळाचा नव्हता, अवघ्या देशाचा म्हणून तो समोर आला. दोन वर्षांत रामशिला गावोगाव पूजल्या गेल्या. १९९२ चा ६ डिसेंबर आला, त्यानंतरच्या दंगली आल्या, १९९५ ला राज्यात युतीचे सरकार आले. गावदेवाच्या नावावर आजवर कोणी लोकसभेचे मत मागितले नव्हते. देशाच्या देवाच्या नावावर ते मागता येते, हे या काळात दिसले. ज्यांना ते भावले त्यांची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. ज्यांना ते खटकले तेही माळकरीच होते. आजोबांच्या एकाच घरात दोन्ही मते असू शकतात, तुमच्याही असतील.

कायदा मात्र या बाबतीत स्पष्ट आहे, आणि तो घरोघर माहीत असायला हवा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम काढून पाहा. अमक्याला मत दिले नाहीस तर देवाचा कोप होईल, अशी भीती मतदाराला घालणे हा त्यात भ्रष्टाचार ठरवला आहे. धर्माच्या नावाने मत मागणेही तसेच. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतला विजय याच मुद्द्यावर उच्च न्यायालयाने रद्द केला आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्या प्रकरणात बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताचा अधिकार सहा वर्षे गेला. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, या कलमाचा अर्थ आणखी रुंद केला: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म, जात, भाषा पुढे करून मत मागणेही त्यात आले. तेव्हा कोणी बेल-भंडारा उचलायला लावून मत बांधून घेऊ लागला, तर समजा की अपराध तुमच्या पदरी नाही. पेटीपाशी, म्हणजे आता यंत्रापाशी, तुम्ही एकटे असता.

बायकांचे वेगळेच. निवडणूक जवळ आली की या सगळ्या पट्ट्यात देवदर्शनाच्या गाड्या सुटतात. अष्टविनायक म्हणा, तुळजापूर म्हणा, लांबच्या ज्योतिर्लिंगांपर्यंत. नाष्टा, जेवण, मुक्काम फुकट. पुष्कळ घरांतल्या आजींनी काशी किंवा उज्जैन पाहिले ते अशा गाडीने. नवऱ्याने आयुष्यभर आज-उद्या केले आणि नगरसेवक होऊ पाहणाऱ्याने एका आठवड्यात नेऊन आणले. उपकार वाटणारच. तरी या आजींना कमी समजू नका. त्यांचा हिशोब सरळ असतो: गाडी त्यांची, देव आपला, मत आपले. स्थानिक संस्थांत महिलांना राखीव जागा आल्या, २०११ पासून निम्म्या झाल्या, आणि फलकांवर बायकांचेही चेहरे आले. नावाखाली पतीचे नाव मोठ्या अक्षरात असते हे खरे, पण सभेत पाण्याच्या टँकरचा प्रश्न विचारणारी बाई आता पदर सावरत मागे सरत नाही.

आता तुमच्या जिव्हाळ्याचा विषय. भोसरीत, चिखलीत, मोशीत अशी घरे तुम्हाला दाखवता येतील की जिथे एक गुंठा पेरा नाही पण दारात खिलारी बैल आहे. शेतीला नव्हे, घाटाला. पुणे जिल्ह्यातली शर्यत तुम्ही जाणता: चढाचा घाट, चार बैल, पुढे घोडी, सेकंदाचा हिशोब आणि भंडाऱ्याची उधळण. चैत्र-वैशाखात जत्रांचा हंगाम, देवाच्या नावाने बारी धरायची. शेत गेले, नांगर गेला, मोट तर केव्हाच गेली; शेतकरीपणाची एवढीच खूण उरली, म्हणून तिच्यात जीव जास्त. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. जनावरांचे हाल होतात हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. शेपट्या पिरगाळणे, खिळे टोचणे हे काही घाटांत चालत होते आणि शहाणा गाडामालक ते कबूल करतो. पण मालकाला लागले ते वेगळ्या जागी. देवाची जत्रा अपुरी राहिली आणि गुन्हेगाराच्या रांगेत उभे राहावे लागले. २०१७ ला राज्याने कायदा केला, तोही उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला.

या सात-आठ वर्षांत बैल हा इथला सर्वांत मोठा उमेदवार होता म्हणा ना! एकही पक्ष शर्यतीविरुद्ध बोलेना. कोल्ह्यांनी निवडणुकीत दिलेला शब्द पाळायला फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात बैलगाड्यापुढे घोडी पळवली. लांडगे तर स्वतःच पैलवान आणि गाडाशौकीन. १९५२ साली पेटीवर बैल होते म्हणून मत पडले; सत्तर वर्षांनी पेटी गेली, जोडी गेली, शेत गेले, आणि तरी मत बैलाभोवतीच फिरते आहे. आजोबांना याचे हसू येत असेल की डोळ्यांत पाणी, मला सांगता येणार नाही.

आता त्या दुसऱ्या दाराकडे. भोसरीहून देहूरोडला जा. तुकोबांचे देहू वेगळे आणि देहूरोड वेगळे, काही कोसांचे अंतर आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती इथे स्वतःच्या हाताने बसवली. नागपूरची दीक्षा त्यानंतर, १४ ऑक्टोबर १९५६ ला. म्हणजे नागपूरच्या आधी पावणेदोन वर्षे बुद्ध या इंद्रायणीच्या खोऱ्यात आला होता. आजही त्या दिवशी तिथे मोठी गर्दी लोटते. इथल्या माणसांच्या श्रद्धेची गोष्ट आजोबांच्या गोष्टीच्या अगदी उलट आहे. भोसरीच्या शेतकऱ्याचा देव इंचाइंचाने सरकला, त्याला स्वतःलाही कळले नाही. यांनी देव एका दिवशी, समजून-उमजून, प्रतिज्ञा घेऊन सोडले, आणि मागे वळून पाहिले नाही. मताचे मात्र तसे झाले नाही. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जागी १९५७ ला रिपब्लिकन पक्ष आला, तो फुटला, पुन्हा फुटला, हत्ती कोणाचा यावर भांडणे झाली, आणि मत देणारा वाटेल त्या तंबूत गेला. धम्म पक्का राहिला, पक्ष राहिला नाही.

चाळीतल्या भाडेकऱ्यांना विसरून चालणार नाही, कारण आता मतांची संख्या त्यांच्याकडे आहे. २०२४ च्या विधानसभेला भोसरीचे मतदार सहा लाखांच्या घरात होते. यात जुन्या आडनावांची किती असणार? मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण, कर्नाटक, केरळ, उत्तर प्रदेश, बिहार. खानदेशची घरे श्रावणात कानबाई बसवतात, केरळची माणसे अय्यप्पाला जातात, बिहारची कार्तिकात मोशीच्या घाटावर इंद्रायणीत उभे राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात. आपला मुलगा यांच्यातच राहतो. त्याचे नाव कुठल्या यादीत आहे, हे एकदा विचारा. पुष्कळांची नावे वर्षानुवर्षे गावच्याच यादीत असतात. ग्रामपंचायतीला भाड्याची गाडी येते, लोकसभेला येत नाही, मग मत बुडते. दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्यात बसत नाही. नाव कुठे ठेवायचे, हा प्रश्न वरून कागदाचा दिसतो, पण घरात तो काढून पाहा. ‘नाव इकडे नेतो’ म्हटले की आईला वाटते, पोरगे गेले. सुनेला वाटते, नळाचे पाणी इथे हवे असेल तर मतही इथेच हवे. दोघींचेही खरे आहे.

आमचे आजोबा आता चौऱ्याण्णव-पंचाण्णवचे. २०२४ पासून पंच्याऐंशीच्या वरच्या मतदारांना घरी बसून मत देण्याची सोय झाली आहे. आधी अर्ज भरावा लागतो, मग अधिकारी घरी येतात. यंत्र आणत नाहीत, कागद आणतात. चिन्हांची रांग छापलेला कागद, खूण करायची आणि पाकिटात घालायचा. बहात्तर वर्षांनी मत पुन्हा कागदावर आले, फक्त बैलजोडी तेवढी त्यात नाही. समोर देव्हारा. त्यात भैरवनाथ, खंडोबाचा टाक, विठ्ठल-रखुमाई, नातवाने आणलेली रामाची तसबीर आणि सुनेच्या बैठकीच्या गुरूंचा फोटो. कोणालाही काढलेले नाही, सगळ्यांना थोडी थोडी जागा करून दिली आहे.

इथून आळंदी रस्त्याने निघा किंवा नाशिक रस्त्याने मोशीपर्यंत जाऊन पुलावर थांबा. खाली इंद्रायणी आहे. देहूहून येते, तळवडे, चिखली, मोशी करीत आळंदीला जाते. ज्या डोहात तुकोबांचे अभंग बुडवले असे सांगतात आणि ज्या काठावर ज्ञानोबा १२९६ साली समाधिस्थ झाले, त्या दोन गावांच्या मध्ये आता घरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी तिला मिळते. अलीकडच्या वर्षांत आळंदीला तिच्यावर साबणासारखा पांढरा फेस तरंगताना लोकांनी अनेकदा पाहिला. आषाढीच्या पालखीच्या तोंडावर दरवर्षी त्यावर ओरड होते. इंद्रायणी स्वच्छ करू, असे आजवर झाडून साऱ्या पक्षांनी सांगितले आहे. कोणत्या देवाला मानता, याने इथे काही फरक पडत नाही. वारकरी, बुद्धाला वंदन करणारा, सूर्याला अर्घ्य देणारा, पाणी सगळ्यांना तेच. कार्तिकीला आलात तर पाहा, काही मंडळी आंघोळ नळावर उरकतात, मग घाटावर येतात आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहून नदीला लांबूनच नमस्कार करतात.